साथीचा पियानो: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी गायकांबरोबर पियानो वाजवण्याच्या माझ्या कामाबद्दल लिहिलं होतं, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या चर्चच्या जुन्या पियानोपासून मुंबईपर्यंत कशी पोचले आणि आता परत जळगावला राहायला का आले ते. त्यावर खान्देशातून इतकी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. जागा कमी आहे म्हणून त्यातली सहा घेतलीयत, नावं मुद्दाम छापत नाहीये.

प्रश्न: ताई, माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, पियानोची सहावी ग्रेड झाली. तिला एकटीने वाजवण्यापेक्षा शाळेतल्या गाणाऱ्या मुलींबरोबर वाजवायला जास्त आवडतं आणि आता म्हणते मला हेच करायचंय. घरचे म्हणतात साथीदाराला कोण विचारतं, मेहनत तेवढीच आहे तर स्वतःचं नाव होईल असं कर. तिला थांबवू का?
– एक आई, जळगाव

उत्तर: थांबवू नका, एवढं आधी सांगते. पियानो हे एकट्याने खोलीत बसून शिकायचं वाद्य आहे, पोरं आठ-आठ वर्षं शिकतात आणि दुसऱ्या कोणाबरोबर एक ओळसुद्धा वाजवलेली नसते. जिला पंधराव्या वर्षीच दुसऱ्याचं ऐकत वाजवण्यात मजा येते तिच्याकडे या कामाचं भांडवल आधीपासूनच आहे, बाकीचं शिकवता येतं.

नावाचं म्हणाल तर माझा मुंबईतला पहिला मोठा कार्यक्रम होता तेव्हा अमळनेरची माझी मावशी हौसेने आली होती. कार्यक्रमाचं पत्रक तिने उलटून पालटून बघितलं, गायिकेचा फोटो होता, गाण्यांची यादी होती, हॉलचं नाव होतं, माझं कुठेच नव्हतं. मावशी म्हणाली, "माय, तू तं दुसराना गानाले वाजाडस, तुनं नाव कोठे शे?" आयोजकांच्या मनात वाईट काही नसेल, त्यांना ते सुचलंच नाही. पण दीड तास एका सेकंदाचीही विश्रांती न घेता वाजवल्यावर ते लागतंच मनाला. तेव्हापासून मी कुठलाही कार्यक्रम घेताना पहिल्याच फोनवर सांगते की माझं नाव गायिकेच्या नावाच्या खालोखाल छापायचं, आणि आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. तुमच्या मुलीला हे आत्ताच शिकवून ठेवा.

साथ दुय्यम असते असं म्हणणाऱ्या घरच्यांना जेराल्ड मूर यांच्याबद्दल सांगा. १८९९ ते १९८७, इंग्लंडचे पियानिस्ट, आयुष्यभर त्यांनी साथच केली. त्यांच्या तरुणपणी साथीदार म्हणजे गायकामागची सावली अशीच समजूत होती. १९६७ साली ते मंचावरून निवृत्त झाले तेव्हा लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम झाला आणि गायला कोण आले, तर फिशर-डीस्काऊ, एलिझाबेथ श्वार्झकॉफ आणि व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस, त्या काळातले तीन मोठे आवाज एकाच संध्याकाळी एका साथीदारासाठी. आणि शेवटी मूर एकटेच बसले, संगीतकार शूबर्टचं संगीताचे आभार मानणारं एक छोटं गाणं गायकाशिवाय नुसतं पियानोवर वाजवलं आणि उठले.

आणि चेंबर म्युझिक, म्हणजे तीन-चार-पाच जणांनी कंडक्टरशिवाय एकत्र वाजवायचं संगीत, तिथे तर साथ हा शब्दच चुकीचा आहे. मोझार्ट-बीथोवनच्या काळात ज्याला आपण आज व्हायोलिन सोनाटा म्हणतो तो 'पियानो आणि व्हायोलिनसाठी' म्हणून छापला जायचा, पियानोचं नाव आधी. मेनाहेम प्रेसलर यांनी १९५५ ते २००८ इतकी वर्षं बो-आर्ट्स ट्रिओमध्ये पियानो वाजवला, व्हायोलिन आणि चेलोवरची माणसं बदलत गेली, पियानोवर शेवटपर्यंत तेच.

आता पोटापाण्याचं. आपल्याकडे नुसत्या मैफलींवर घर चालत नाही, हे खरं आहे आणि ते तुम्ही तिला लपवू नका. पण मैफल हा या कामाचा दिसणारा तुकडा झाला. व्हायोलिन, बासरी, गायन शिकणारी मुलं ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या इंग्लंडच्या संगीत परीक्षा मंडळांच्या परीक्षांना बसतात तेव्हा त्यांना पियानोवाला सोबत न्यावा लागतो, परीक्षक वाजवून देत नाहीत, त्यामुळे परीक्षांच्या महिन्यात मला श्वास घ्यायला वेळ नसायचा. चर्चचे आणि शहरातले कॉयर, म्हणजे समूहगायनाचे गट, असतात, त्यांच्या तालमी दर आठवड्याला. ऑपेरा बसवताना ऑर्केस्ट्रा शेवटच्या काही दिवसांतच येतो, तोपर्यंत अख्खा ऑर्केस्ट्रा एकट्या पियानोवर वाजवायचा असतो, गायकाने शब्द विसरला तर तो सांगायचा, चुकीचा सूर लागला तर थांबवून दुरुस्त करायचा, त्या माणसाला रेपेटिटर म्हणतात आणि युरोपातल्या ऑपेरा हाऊसमध्ये ती पगारी नोकरी असते. मग गायकांना गाणं बसवून देणं, कोचिंग, त्यात मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद मिळाला.

शिकण्याची सोयही आहे. अमेरिकेत १९४७ सालीच सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्वेंडोलिन कोल्डॉफस्की यांनी साथीच्या पियानोची वेगळी पदवी सुरू केली होती, आता त्याला कोलॅबोरेटिव्ह पियानो म्हणतात आणि अशी खूप विद्यापीठं आहेत. इथे चेन्नईचं केएम कॉन्झर्व्हेटरी आहे, गोव्याची कला अकादमी आहे, मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात कार्यक्रम ऐकायला मिळतात. मुंबईच्याच सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या गायिका, पॅट्रिशिया रोझारिओ आणि त्यांचे पियानिस्ट पती मार्क ट्रूप भारतातल्या गायकांना घडवायचं काम करतात, अशा ठिकाणी नुसतं मागे बसून ऐकायला मिळालं तरी तिकिटाचे पैसे वसूल. पण हे सगळं बारावीनंतरचं. आत्ता तिला रोज पंधरा मिनिटं कधीच न बघितलेलं नोटेशन न थांबता वाजवायला लावा, चुका झाल्या तरी थांबायचं नाही. आणि तिला स्वतःला गायला लावा, आवाज कसाही असू दे, जिला श्वास कुठे संपतो हे स्वतःच्या छातीत कळत नाही तिला दुसऱ्याचा श्वास कळणार नाही.

प्रश्न: ताई मी धुळ्याचा, वय २४, हार्मोनियमची संगत करतो, शास्त्रीय, नाट्यसंगीत, भजन सगळं. कीबोर्ड येतो. मला पाश्चात्त्य गायकांबरोबर पियानो वाजवायचा आहे. किती दिवस लागतील, आणि फरक तरी काय, शेवटी पट्ट्या त्याच ना?

उत्तर: भाऊ, पट्ट्या त्याच आहेत पण तुमचा डावा हात आयुष्यभर भाता मारत आलाय. पियानोत अर्धं गाणं डाव्या हातात असतं, पाया तोच धरतो, गायक त्याच्यावर उभा असतो. म्हणून पहिलं वर्षभर डाव्या हाताला उजव्यापेक्षा जास्त वेळ द्या. दुसरं, हार्मोनियममध्ये हवा आहे तोवर सूर टिकतो आणि जोर भात्यातून येतो, पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर आवाज ठरतो आणि वाजल्या क्षणापासून तो विरायला लागतो. गायिका एक सूर आठ मात्रा धरून बसलीय आणि खाली तुमचा सूर मरतोय, तरी ऐकणाऱ्याला सलग वाटलं पाहिजे, हे बोटांत यायला वेळ लागतो. नोटेशन वाचणं तर आलंच, दोन वर्षं तरी धरा.

पण तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे की परदेशात शिकून आलेल्या मुलांकडे ती नसते. गायकाने आज काळी चार नको, काळी दोन करा म्हटलं की तुम्ही जागच्या जागी सा सरकवता, स्केल-चेंजर पेटी नसली तरी. पियानोवाल्यांना याचीच धडकी भरते. शूबर्टची गाणी उंच, मध्यम आणि खालच्या आवाजासाठी वेगवेगळ्या पट्टीत छापलेली मिळतात हे खरं, पण गायिकेला सर्दी झाली आणि सकाळी तिने एक सूर खाली मागितला तर पुस्तक कुठून आणणार? तिथे तुमची सवय कामाला येईल, ती सोडू नका.

खरा फरक मात्र वेगळाच आहे. आपल्या संगतीत गायक काय घेतो ते ऐकून त्याच्या मागोमाग जायचं, जागा भरायच्या, अप्पा जळगावकर किंवा तुळशीदास बोरकर यांची पेटी ऐकली की कळतं की मागे राहूनही किती सुंदर बोलता येतं. शूबर्टच्या गाण्यात मागोमाग जायचं नाही, तिथे पियानोला स्वतःचं पात्र लिहून दिलेलं असतं. उदाहरण देते. १८१४ साली, वय वर्षं सतरा, शूबर्टने ग्योटेच्या कवितेवर चरख्यावर बसलेल्या ग्रेटशेनचं गाणं केलं. उजवा हात म्हणजे चाक, गोल गोल फिरणारं, डावा हात म्हणजे खालचं पायटं. मुलगी सूत काततेय आणि प्रियकराच्या आठवणीत हरवत चाललीय, चाक वेग घेतं, आवाज चढतो, आणि त्याने घेतलेलं चुंबन आठवतं तिथे चाक थांबतं. पूर्ण थांबतं. मग पियानो एकदा चाक फिरवून बघतो, थबकतो, परत प्रयत्न करतो, आणि मग कुठे ते चालू होतं.

बहिणाबाईंच्या मुलखात हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे जात्याला घरोट म्हणतात, माझी आजी डाळ भरडताना ओव्या म्हणायची आणि ओवीत तिच्या गेलेल्या भावाचं नाव आलं की हात थांबायचा, आणि परत सुरू करताना पहिला फेरा जड जायचा, तो आवाजसुद्धा वेगळा यायचा, घर्रर्र असा. मुंबईत हे गाणं मी पहिल्यांदा बसवलं तेव्हा ती चाक सुरू होण्याची जागा मला काही केल्या जमत नव्हती, बोटं बरोबर पडत होती पण काहीतरी खोटं वाटत होतं, आणि एके दिवशी आजीचा तो पहिला फेरा आठवला आणि जमलं. ज्याला शब्दांचा अर्थ माहीत नाही तो हेच गाणं बोटांचा व्यायाम म्हणून वाजवतो. म्हणून भाऊ, जर्मन येत नसलं तरी प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने मराठीत अर्थ लिहा, आणि मगच पियानोला हात लावा. मी आजही तेच करते.

प्रश्न: मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. घरी जुना अपराइट पियानो आहे, नात वाजवते. दर उन्हाळ्यात तो उतरतो, व्हायोलिनवाला पाहुणा आला तर त्याच्याशी सूर जुळत नाही. काय करावं?

उत्तर: काका, आपल्या हवेत यापेक्षा वेगळं होणार नाही. आतला साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज घुमवणारी फळी, लाकडाचा असतो, पावसाळ्यात ओल धरून फुगतो आणि सूर चढतो, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत वाळतो आणि सूर उतरतो, आणि तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात त्याही सैल होतात. पियानो बाहेरच्या भिंतीला आणि उन्हाच्या खिडकीला लावू नका. आणि वाळ्याच्या कूलरसमोर तर अजिबात नको, दिवसा दमट वारा आणि रात्री कूलर बंद केला की कोरडं, या खालीवरनेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, सारखी हवा राहील अशी आतली खोली बघा. वर्षातून दोनदा ट्यूनिंग, पावसाळा संपून हवा स्थिर झाल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या आधी एकदा. खूप उतरलेला असेल तर एका बैठकीत वर ओढायचा हट्ट करू नका, जुन्या तारा तुटतात, टप्प्याटप्प्याने चढवायला सांगा. आतला फेल्ट कसर खाते आणि उंदीर नेतात, तेही बघून घ्या.

व्हायोलिनवाल्याने तोपर्यंत आपल्या तारा उतरवून घ्याव्यात, तेच सोपं. १८५३ साली वीस वर्षांचा ब्राम्स, पुढे मोठा संगीतकार झाला तो, रेमेनी नावाच्या व्हायोलिनवादकाबरोबर गावोगाव कार्यक्रम करत होता, एका गावात पियानो असाच उतरलेला निघाला, आणि ब्राम्सने बीथोवनचा अख्खा सोनाटा अर्धा सूर वर सरकवून तिथल्या तिथे वाजवला. नातीला ही गोष्ट जरूर सांगा, पण तिच्याकडून लगेच तशी अपेक्षा नका करू.

प्रश्न: मी शिरपूरला शिकते, माझा मित्र व्हायोलिन वाजवतो. एकटी असताना मला सगळं येतं पण एकत्र बसलो की तो पळतो, मी मागे राहते, आणि वर तो म्हणतो तुझा आवाज जास्त येतो. झाकण बंद करू का?

उत्तर: झाकण बंद करू नकोस बाळा, आवाज थोडा कमी होईल पण गढूळही होईल. मूर यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'माझा आवाज जास्त होतोय का?' अशा अर्थाचं ठेवलंय, म्हणजे हा प्रश्न कोणालाच सुटलेला नाही. बहुतेक वेळा दोषी असतो तो उजवा पाय, पेडल अर्ध्याने कमी कर आणि मधले भरीचे सूर हलके कर, पण डाव्या हाताचा खालचा सूर अजिबात दाबू नकोस, तो ऐकू आला नाही तर मित्राला आधार मिळत नाही आणि मग तो अजून पळतो.

आणि तो पळतो म्हणतेस, तर आधी बघ की तुला त्याचा भाग येतो का. येतो म्हणजे तोंडाने गाता येतो का. मी कुठलाही सोनाटा हातात घेतला की आधी व्हायोलिनची ओळ गाते आणि खाली फक्त डावा हात वाजवते, दोन-तीन दिवस एवढंच. मग त्याच्या गजाकडे बघायला लाग, गज वर जाताना किती राहिलाय त्यावरून पुढचा सूर कधी पडणार ते आधी कळतं, गायकाचं खांद्यावरून कळतं तसं. पहिला सूर एकत्र पडण्यासाठी दोघांनी एकत्र श्वास घ्या, मोठ्याने, लाजू नका. मोबाइलवर रेकॉर्ड करून दोघांनी एकत्र बसून ऐका, अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

प्रश्न: ताई, पाचोऱ्याहून लिहितोय. चर्चमध्ये, लग्नात, गॅदरिंगला मला वाजवायला बोलावतात, सगळे ओळखीचे. पैसे कसे मागायचे?

उत्तर: आधी मागायचे, कार्यक्रम झाल्यावर नाही. आणि कार्यक्रमाचे वेगळे, तालमींचे वेगळे सांगायचे, कारण लोकांना वाटतं वीस मिनिटं वाजवली, त्यामागच्या सहा तालमी त्यांना दिसत नाहीत. येण्याजाण्याचा खर्च वेगळा. देवाच्या कामाला आणि घरच्या माणसांना फुकट वाजवा, मीही वाजवते, पण तेसुद्धा तुम्ही ठरवून, त्यांनी गृहीत धरून नाही.

प्रश्न: तुमचा जळगावचा कार्यक्रम ऐकला. शेवटच्या गाण्यात गायिका थांबली म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि तुम्ही वाजवतच होता. फार ओशाळल्यासारखं झालं. आमचं चुकलं का?
– एक श्रोता, जळगाव

उत्तर: नाही हो दादा, तुमचं काही चुकलं नाही, आपल्याकडे गायकाने सम गाठली की दाद द्यायची हीच रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. आधी दोन शब्द सांगायला हवे होते, ते मी सांगितले नाहीत, आता सांगते.

ती संगीतकार शूमानची १८४० सालची सोळा गाण्यांची माळ होती, हाइनेच्या कवितांवरची, प्रेम जमतं आणि मोडतं तिथपर्यंतची. बाराव्या गाण्यात तो दुःखी माणूस उन्हाळ्यातल्या सकाळी बागेत फिरतोय आणि फुलं त्याला हळूच म्हणतात, आमच्या बहिणीवर रागावू नकोस. त्यानंतर पियानो एकटाच एक सूर गुणगुणतो. मग पुढे तीन गाणी जातात, आणि शेवटच्या गाण्यात तो म्हणतो की एक भलीमोठी शवपेटी आणा, उचलायला बारा राक्षस आणा, मी माझी सगळी जुनी गाणी, माझं प्रेम आणि माझं दुःख त्यात घालून समुद्रात बुडवणार आहे. गायिकेचे शब्द तिथे संपतात. तुमच्या टाळ्याही तिथेच पडल्या. पण पियानो थांबत नाही, तो बाराव्या गाण्यातला फुलांचा सूर परत आणतो, शब्दांशिवाय. माणसाने सगळं बुडवलं आणि फुलं अजून तेच म्हणतायत, रागावू नकोस. हे सांगायला शूमानने गायक घेतला नाही, पियानो घेतला.

ती दोन पानं मी आधी आठवडाभर रोज सकाळी वाजवते, बाकीची पंधरा गाणी बाजूला ठेवून. डिसेंबरमध्ये आम्ही हीच माळ परत जळगावला करतोय, या वेळी मराठी अर्थाचा कागद प्रत्येक खुर्चीवर ठेवणार आहे. आणि दादा, तेव्हा गायिकेकडे बघत राहा, तिचं गाणं संपलेलं असतं पण ती हलत नाही, डोळे तिथेच असतात. मी पट्ट्यांवरून हात उचलले की मग ती मान खाली घालते. तेव्हा वाजवा टाळ्या.